नळ्यांचे तोरण

माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीचे लग्न गेल्या मार्गशीर्षात वाईला, आमच्या आईच्या घरी झाले. लग्न ठरले तेव्हा भाचीने दोनच गोष्टी मागितल्या होत्या. एक म्हणजे कार्यालय न घेता आजोळच्या वाड्याच्या चौकात मांडव घालावा, आणि दुसरी म्हणजे सजावट घरी, हाताने करावी आणि ती ‘विंटेज’ असावी. विंटेज म्हणजे नेमके काय हे आम्हाला कळावे म्हणून तिने आम्हा दोघी बहिणींना आणि आईला मोबाइलवर बरीच चित्रे दाखवली. तरटाच्या पट्ट्यांवर शिवलेली पांढरी लेस, काचेच्या बरण्यांत तेवणाऱ्या मेणबत्त्या, जुना टाइपरायटर, लाकडी चिमट्यांनी सुतळीला अडकवलेली छायाचित्रे आणि चहाच्या पाण्यात बुडवून मुद्दाम पिवळट केलेले कागद, असे बरेच काही त्यांत होते. चित्रे देखणी होती. आईने चष्मा लावून ती सगळी शांतपणे पाहिली आणि म्हणाली, “छान आहे गं, पण हे दुसऱ्याच कुणाच्या तरी आजीचे घर आहे.”

भाची त्यावर रुसली नाही, हे तिचे मला फार कौतुक वाटते. “मग तुझ्या लग्नात काय काय केले होते ते सांग, आपण ते करू,” असे ती म्हणाली आणि आजीशेजारी जाऊन बसली. श्रावणातली दुपार होती. पुढचे चार महिने आमच्या घरी जे काम चालले त्याची सुरुवात त्या दुपारी झाली.

आमच्या घरात तरट असे ते माळ्यावर, धान्याच्या पोत्यांच्या खाली. मंगलकार्यात ते कुणी पुढे आणले नसते. मात्र लोणच्याच्या चिनी मातीच्या बरण्या होत्या आणि त्यांच्या तोंडाला बांधलेले पांढऱ्या कापडाचे दादरे होते. न्हाणीघरातले तांब्याचे घंगाळ होते, दोन पुरुष उंचीवर टांगलेल्या आणि भिंतीपासून पुढे झुकलेल्या तसबिरी होत्या. यांतली एकही वस्तू जुनी दिसावी म्हणून कुणी केलेली नव्हती. चहात बुडवलेल्या कागदाबद्दल माझ्या मनात जी अढी होती तिचे कारण मला या वस्तूंकडे पाहताना उमगले. तो कागद जुना दिसतो, पण जुन्या रीतीने केलेला नसतो. आणि आम्हाला जर काही करायचेच होते, तर ते जुन्या रीतीने करायचे होते, मग ते दिसायला कोरे करकरीत असले तरी चालणार होते. घंगाळ चिंच लावून घासले तेव्हा ते लखलखीत झाले आणि भाचीच्या मोबाइलमधल्या चित्रांशी त्याचे काडीचेही साम्य उरले नाही. तरी तिला ते आवडले.

आईच्या पत्र्याच्या ट्रंकेत, जुन्या लुगड्याच्या धडप्यात गुंडाळलेले तिच्या रुखवतातले नळ्यांचे तोरण निघाले. काचेच्या नळ्यांची ही तोरणे एके काळी घरोघरी असत, त्यामुळे अनेकांना ती आठवत असतील. गव्हाच्या दोन दाण्यांएवढ्या लांबीच्या, आतून पोकळ अशा बारीक नळ्या दोऱ्यात ओवून त्यांची जाळी करायची आणि पांढऱ्या जाळीतच रंगीत नळ्यांनी पोपट, हरणे, कलश किंवा ‘सुस्वागतम्’ अशी अक्षरे उठवायची. आईच्या तोरणावर मध्ये कलश आणि दोन बाजूंना दोन पोपट होते, खाली नळ्यांची झालर होती. भाचीने ते मोठ्या हौसेने दोन्ही हातांनी उचलले, त्यासरशी झालरीचे चार पदर तुटले आणि नळ्या फरशीवर सर्वत्र उधळल्या. दोन-तीन फुटल्याही. भाचीचा चेहरा उतरला. आई मात्र म्हणाली, “दोरा कुजला आहे, काच नाही. उचला सगळ्या, एकही पायाखाली येऊ देऊ नका.”

त्या तोरणाने आमचे जवळजवळ दोन महिने घेतले, आणि या सगळ्या खटाटोपात मी जे काही शिकले त्यातले बरेचसे त्या दोन महिन्यांत शिकले. आम्ही आधी पांढऱ्या चादरीवर तोरण पसरले आणि त्याचे वीतभर वीतभर भागांचे फोटो काढून ठेवले. मग वरच्या पट्टीपासून सुरुवात केली. जुनी ओळ कापण्याआधी तिच्या शेजारी नवा दोरा ठेवायचा, जुन्या ओळीतली एकेक नळी सोडवून नव्या दोऱ्यात घ्यायची, ओळ पुरी झाली की मगच पुढच्या ओळीला हात लावायचा, असा क्रम आईने घालून दिला. दोरा सुतीच, पण दुहेरी, आणि प्रत्येक वेळी मेणाच्या तुकड्यावरून दोनदा ओढून घेतलेला. मेणामुळे दोऱ्याचे तंतू बसतात, तो सुईत जायला ताठ होतो आणि ओल धरत नाही.

नव्या नळ्या पुण्याला रविवार पेठेत, बोहरी आळीत मिळाल्या. त्या आणून जुन्यांशेजारी ठेवल्या तेव्हा पांढऱ्यातला फरक डोळ्यांत भरला. जुन्या नळ्या दुधाळ होत्या, नव्या निळसर छटेच्या. तेव्हा ठरवले की नव्या नळ्या फक्त झालरीच्या टोकांना घालायच्या आणि जुन्या सगळ्या चित्रात ठेवायच्या. सुरुवातीला मी घाईघाईने एक पदर ओवला. दोन नळ्यांच्या मध्ये एक गोल मणी येत होता, तो मी केवळ शोभेसाठी आहे असे समजून एके ठिकाणी गाळला. दुसऱ्या दिवशी तो पदर बरोबर त्याच जागी तुटलेला होता. आईने ती नळी माझ्या बोटाच्या पेराशी धरली आणि हलकेच फिरवली. नळीची कड धारदार होती. नळी कापलेली असते, तिची कड दोऱ्याला करवतीसारखी घासते, आणि गोल मणी मध्ये आला की दोरा त्या धारेपासून वाचतो. लहानपणापासून मी जे सौंदर्य म्हणून पाहत आले होते ते मुळात दोऱ्याचे संरक्षण होते. ज्या कुणी बायकांनी हे पहिल्यांदा शोधून काढले असेल त्यांची नावे कुठेही लिहिलेली नाहीत, पण त्यांचे शहाणपण त्या मण्यात शिल्लक आहे, असे मला त्या क्षणी फार तीव्रतेने वाटले.

आईला आता बारीक दिसत नाही. तरी ती मांडीवर ताट घेऊन बसे आणि भाची ओवत असताना बोटांनी चाचपून “इथे एक जास्त झाली” असे सांगत असे. डाव्या पोपटाच्या हिरव्या पंखात एक लाल नळी होती. भाचीला ती चूक वाटली आणि ती बदलायला निघाली, तेव्हा आईने तिचा हात धरला. आईच्या लग्नाच्या आदल्या आठवड्यात हिरव्या नळ्या संपल्या, बाजार दूर, म्हणून तिच्या आत्याने तिथे लाल घातली होती. ती आत्या जाऊन तीस वर्षे झाली. लाल नळी जिथे होती तिथेच राहिली.

लग्नपत्रिकेचे काम त्या मानाने लवकर झाले, पण त्याचा आनंद मोठा होता. आईची पत्रिका त्याच ट्रंकेत होती. गुलाबी कागद, चार कोपऱ्यांना हळदकुंकवाची वाळलेली बोटे, माथ्यावर ‘॥ श्री गजानन प्रसन्न ॥’ आणि खाली ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ अशी सुरुवात. अक्षर न् अक्षर कागदात किंचित रुतलेले होते, मागून हात फिरवला तर ठसा लागत होता. आता पत्रिका संगणकावर होतात, त्यांत अक्षर कागदाच्या वर बसते; खिळ्यांच्या, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांच्या छपाईत ते कागदाच्या आत जाते. १८६९ साली जावजी दादाजींनी मुंबईत सुरू केलेल्या निर्णयसागर छापखान्याने देवनागरी खिळ्यांना जे सुबक, भरीव वळण दिले, त्याची छाया पुढे कित्येक वर्षे महाराष्ट्रातल्या लहान छापखान्यांवर होती, आणि आईच्या पत्रिकेतला ‘श्री’ पाहिला की ते वळण ध्यानात येते.

पुण्यात एक जुना छापखाना सापडला. तिथले पायाने चालवायचे ट्रेडल यंत्र आता पावतीपुस्तकांवर आकडे घालण्यापुरते उरले होते. मालकांनी खिळ्यांचे कप्पे पुसून आमच्यासमोर ठेवले. बरेच कप्पे रिकामे होते, काही अक्षरे झिजलेली होती. पूर्ण मजकूर जुळवण्याइतके खिळे नव्हते, तेव्हा त्यांनी सुचवले की मजकूरच कमी करा. आम्ही तिथल्या बाकावर बसून एकेक शब्द गाळत गेलो. मानाची लांबलचक यादी गेली, ‘अगत्याचे आमंत्रण’ राहिले, वधूवरांची आणि आईवडिलांची नावे, तिथी, मुहूर्त आणि स्थळ राहिले. इतकी नेमकी पत्रिका मी आजवर पाहिली नव्हती. त्या गृहस्थांनी चिमट्याने खिळे उचलून, आरशात दिसावे तसे उलटे वाचत, ते ओळीत लावले तेव्हा भाची श्वास रोखून बघत होती.

कागद आम्ही शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतून आणला. महात्मा गांधींच्या प्रेरणेने १९४० साली ती सुरू झाली आणि तिथे सुती कापडाच्या कातरणांपासून कागद करतात. पुण्याला हा उद्योग नवा नव्हे, कसबा पेठेतला कागदीपुरा हे नावच कागद करणाऱ्यांच्या वस्तीवरून पडले आहे. हातकागदाची कड कापलेली नसते, ती पातळ होत होत संपते. पृष्ठभाग खरबरीत असल्यामुळे पहिल्या चार-पाच प्रतींवर शाई नीट धरली नाही. मग दाब वाढवला आणि अक्षर कागदात उतरले. उरलेल्या पट्ट्यांच्या आम्ही अक्षतांसाठी पुड्या केल्या.

पताकांची आठवण माझी स्वतःची आहे. आमच्या मावशीच्या लग्नात सगळ्या मुलांना माजघरात बसवून पताका चिकटवायला लावले होते, आणि खळीचा तो उबदार, किंचित आंबूस वास अजून माझ्या नाकात आहे. खळ आम्ही तशीच केली. मैदा आधी गार पाण्यात गुठळी न राहू देता कालवायचा, मग मंद आचेवर ढवळत राहायचे, पांढरेपणा जाऊन ती काचेसारखी झाली की उतरवायची. कीड आणि झुरळे लागू नयेत म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद घालत. ते विषारी असते, म्हणून लहान मुले असलेल्या घरात आम्ही ते टाळले आणि खळ रोजच्या रोज ताजी केली. शेजारपाजारची मुले, बहिणीच्या जावा, माझे मेहुणे, सगळे रात्री जेवणे झाली की ओसरीवर बसत. पतंगी कागदाच्या घड्या घालून एक जण कात्रीने नक्षी कापी, दुसरा सुतळीला खळ लावी, तिसरा पताका दुमडून दाबी. खाली सोडायच्या झिरमिळ्या मुलांनी केल्या. ज्यांचे एकमेकांशी वर्षानुवर्षे जेमतेम बोलणे होते अशी माणसे हाताला काम असल्यामुळे सहज बोलू लागली. विकत आणलेल्या माळा टांगायला माणसे लागतात चार, आणि ती संध्याकाळी निघून जातात.

पताकांनीच आम्हाला एक मोठा चटका दिला. अंतरपाट भाचीने स्वतः केला होता. हल्ली अंतरपाटावर वधूवरांची नावे आणि चित्रे भरतात, पण तिने पांढऱ्या खादीच्या कडेने फक्त कुयऱ्यांची नाजूक ओळ धावदोऱ्याने घातली होती आणि मधली जागा कुंकवाच्या स्वस्तिकासाठी कोरी ठेवली होती. महिनाभर ती कुयऱ्या भरत होती. लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही चौकात पताका लावल्या आणि धुऊन खळ दिलेला अंतरपाट संध्याकाळी तिथेच दोरीवर वाळत घातला. मार्गशीर्षात कृष्णाकाठी दव किती पडते हे वाईत वाढलेल्या मला ठाऊक असायला हवे होते. अंतरपाट उचलायचे कुणाच्याच लक्षात राहिले नाही. पहाटे पाहिले तर पताका ओल्या होऊन लोंबत होत्या आणि त्यांतल्या तांबड्या कागदाचा रंग थेंबाथेंबाने खाली उतरून अंतरपाटाच्या एका बाजूवर पसरला होता. चूक माझी होती, दोरी मीच बांधली होती. मी तो कपडा पाण्यात बुडवायला धावले, पण आईने थांबवले, कारण गडबडीत चोळले तर रंग आणखी पसरला असता. गार पाण्याच्या धारेखाली, डाग न चोळता, कापड नुसते धरून ठेवले. बराच रंग गेला, फिकट गुलाबी ढगासारखा डाग राहिला. भाचीने तो पाहिला, क्षणभर काही बोलली नाही, मग म्हणाली, “मावशी, रडू नकोस. हाच धरायचा.” आणि हाच धरला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्यावरून आमच्यात बराच काळ चर्चा झाली. ओसरीच्या मोठ्या भिंतीवर वारली चित्रे काढावीत असे भाचीच्या मैत्रिणींचे म्हणणे होते. मी त्याला नकार दिला. मला ती चित्रे अतिशय प्रिय आहेत, पण डहाणू, जव्हार, तलासरीकडच्या वारली घरांत लग्नाचा चौक ही भिंतीची शोभा नव्हे. गेरूने किंवा शेणाने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सुवासिनी तो लिहितात, त्यात पालघट देवी असते, लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणते, आणि चौकाशिवाय लग्न पुरे होत नाही. जिव्या सोमा मशे यांनी ही कला कागदावर आणून जगापुढे नेली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, आणि त्यांची किंवा त्यांच्या परंपरेतल्या चित्रकारांची चित्रे कुणी मोल देऊन घरात लावावीत, यात मला आनंदच आहे. पण एका समाजाच्या लग्नातली देवी दुसऱ्याच्या लग्नात फोटोची पार्श्वभूमी व्हावी, हे मला पटेना. ती भिंत आम्ही चुन्याने पांढरी करून मोकळी ठेवली, आणि तिच्यावर घरातल्या पाच जोडप्यांच्या लग्नांची कृष्णधवल छायाचित्रे जुन्या चौकटींत, पूर्वीसारखी पुढे झुकवून लावली. मूळ छायाचित्रे उन्हाने विटू नयेत म्हणून अल्बममध्येच, काळ्या पुठ्ठ्यावर, पातळ सळसळत्या कागदाखाली ठेवली आणि चौकटींत त्यांच्या प्रती घातल्या.

रुखवत मात्र भरगच्च झाले. मुळात रुखवत म्हणजे मुलीकडून वराकडे जायचा फराळ, आणि पुढे त्यात मुलीच्या हातच्या वस्तूंची मांडणी आली. आम्ही त्याच्या मूळ अर्थाकडे थोडे वळलो. गव्हले, नखुल्या आणि मालत्या वळायला आईच्या वयाच्या तीन बायका आल्या. रव्याच्या घट्ट पिठाचा बारीक तुकडा अंगठा आणि तर्जनी यांत फिरवून तांदळाच्या दाण्याएवढा गव्हला होतो, आणि एक वाटीभर व्हायला दुपार जाते. त्यांच्या बोटांचा वेग मला शेवटपर्यंत जमला नाही. शेजारी दादरे बांधलेल्या बरण्यांत लोणची ठेवली आणि खणाच्या कापडाचे काठ लावून दोन हातपंखे केले.

लग्नाच्या सकाळी पताका वाऱ्यावर पुन्हा वाळल्या, काहींचा रंग विटून त्या गुलाबी झाल्या होत्या. केळीचे खांब, आंब्याचे डहाळे, घंगाळात शेवंती आणि गुलछडी, पाटाभोवती रांगोळी, आणि माजघराच्या दाराला नळ्यांचे तोरण. सूर्य चौकावर आला तशी तोरणातून लहान लहान उजेडाची ठिकरे समोरच्या चुन्याच्या भिंतीवर, छायाचित्रांच्या मधून हलू लागली. आई पाटाशेजारी खुर्चीवर बसली होती. तिला ती ठिकरे दिसत होती की नाही, मला ठाऊक नाही. झालर वाऱ्याने वाजली की ती मान किंचित त्या बाजूला वळवत होती.

भाची आता पुण्यात राहते. अंतरपाट तिने घडी घालून ठेवला आहे, कुंकवाचे स्वस्तिक आणि दवाचा डाग दोन्ही त्यावर आहेत. तोरण तिच्या घराच्या दाराला लावले आहे. गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. दार जोरात आपटल्यामुळे झालरीचा एक पदर तुटला होता, नळ्या सगळ्या सापडल्या होत्या, मणीही मोजून ठेवले होते, पण दोऱ्याला लावायचे मेण पुण्यात कुठल्या दुकानात मिळते हे तिला विचारायचे होते. आईने आपल्या डब्यातला मेणाचा तुकडा निम्मा कापून कागदात बांधला आणि माझ्याकडे दिला. येत्या रविवारी मी तो घेऊन जाणार आहे.